आईच्या डब्यातल्या गोळ्या

मंगळवारी सकाळी बाबांनी मला विचारलं, "बाई, तू कोनाची?"

मी त्यांची मुलगी. बेला गावच्या शाळेत शिकवते. आई जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून बाबा कमी बोलायचे, वांग्याच्या वाफ्यांकडे फिरकायचे नाहीत. पण बाजाराचा वार कधी विसरले नव्हते. त्या सकाळी मात्र ते भिंतीवरून कापूस वेचत होते. भिंत कोरी होती.

"डोकं गेलं यायचं," दादा म्हणाला. "वय झालं. वाफे बटईनं, अर्ध्या हिश्श्यानं, देऊन टाकू, अन् यायले घरातच ठिऊ."

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?"

"चार महिने," दादा म्हणाला.

"नाही!" मी इतक्या जोरात बोलले की मीच दचकले. "शनिवारी हे बातम्यांवरून दादाशी वाद घालत होते. आणि जिंकले."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. विसरण्याचा आजार हळूहळू चढतो, दोन-तीन दिवसांत नाही, ते म्हणाले. उदासीने माणूस गप्प होतो. त्याला सहसा असा कापूस दिसत नाही. हे अचानक झालंय, म्हणजे शरीरात कारण शोधायचं. रक्त-लघवी तपासू. नवं औषध काही?

"काहीच नाही," दादा म्हणाला.

बाबांना दाखल करून घेतलं. मी बसने घरी परतले आणि आईचा औषधांचा डबा उघडला. तिच्यासाठी आणलेलं झोपेच्या गोळ्यांचं पाकीट तिने फोडलंच नव्हतं. आता ते फोडलेलं होतं. मी उभ्या उभ्या डॉक्टरांना फोन लावला. शब्द एकमेकांवर आदळत होते.

या वयात या गोळ्यांनी असा भ्रम होऊ शकतो, डॉक्टर म्हणाले. गोळ्या बंद झाल्या. शुक्रवारी वॉर्डात बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं, आज शाळा नाही का?"

मी एवढी हसले की नर्सबाई तेलुगूत रागावल्या.

"बाबा, आईच्या गोळ्या काऊन घेतल्या?"

"झोप येत नव्हती मले. तिच्याच तर होत्या. वाया काऊन घालवाच्या?"

डॉक्टरांनी उदासीवर वेगळा उपचार सुरू केला. स्मरणशक्ती काही महिन्यांनी तपासू, म्हणाले. दादाने बटईची गोष्ट पुन्हा काढली नाही.

आता बाबांचं मन ठिकाणावर आहे, आणि त्यात आई गेल्याचं दुःख आहे.