चार पट्ट्यांच्या माधुरीताई

कुणीही 'झालं' म्हटलं की माधुरीताई हातातलं काम बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दाखव." खुर्च्या लावून झाल्या? दाखव. मागचं दार बंद केलं? दाखव. त्यात राग नसे, संशयही नसे. डॉक्टर जीभ दाखवा म्हणतात तितक्याच सहजपणे त्या म्हणत. त्यांची शाळकरी मुलगी आपल्या डच मैत्रिणींना सांगायची, "माझी आई पोलिसात आहे." ताईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे. पोलिसांची पोरं चोरी करत नाहीत." मग जरा थांबून, "करतात म्हणा. पण घाबरत करतात."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती डेल्फ्टमध्ये, वृद्धांच्या एका दिवसकेंद्रात. केंद्र आपल्याच काही मराठी मंडळींनी सुरू केलेलं. आठवड्यातून तीन दिवस आसपासच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणायचं, जेवू घालायचं, पत्ते खेळायचे, गप्पा मारायच्या. डच होते, सुरिनामहून आलेले हिंदुस्तानी होते, एकदोन आपलेही. खेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, अनुदान होतं. त्यातूनच व्हीलचेअर चढवता येईल अशी एक व्हॅन घेतलेली. मी ती शनिवारी चालवायला तयार आहे, असं सांगायला गेले होते.

"गाडी येते चालवता?" ताईंनी विचारलं.

"येते की. पंधरा वर्षं चालवतेय."

"दाखवा."

आणि त्यांनी मला कालव्याच्या कडेनं, सायकलींच्या गर्दीतून व्हॅन उलटी घ्यायला लावली. घाम फुटला मला. उतरल्यावर म्हणाल्या, "छान. आता तुला अगं म्हणते."

ताई मूळच्या ठाण्याच्या. तिथं एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आल्या, पदवी इथं चालेना, म्हणून केंद्राच्या समन्वयक झाल्या. पगार अर्धवेळेचा, काम पूर्णवेळेचं. संस्थेचे अध्यक्ष दीक्षितकाका. केंद्र ही त्यांचीच कल्पना. अनुदान मिळण्याआधी पहिलं वर्ष त्यांनी स्वतःच्या खिशातून चालवलेलं. मोठ्या मनाचा माणूस. ताईंना त्यांच्याबद्दल आदर होता आणि तो शेवटपर्यंत राहिला. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नये.

अनुदान म्हटलं की तपासणी आलीच. त्या वसंतात खेमेंटेकडून एक तरुण बाई आल्या. दिवसभर कागद पाहिले, मग म्हणाल्या, मला व्हॅनमधून एक फेरी करायची आहे. संध्याकाळी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दोन किरकोळ होत्या, तिसरी नव्हती. व्हीलचेअर व्हॅनच्या जमिनीला चार पट्ट्यांनी बांधायची असते, दोन पुढे, दोन मागे. आम्ही पुढचे दोनच लावत होतो. मागच्या पट्ट्यांच्या कड्या बिघडल्या होत्या आणि तिथं हात घालायला फार वाकावं लागे. शिवाय आम्हा चालकांपैकी कुणीही हे रीतसर शिकलेलं नव्हतं.

दीक्षितकाका समजावू लागले. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना जपायची पद्धत असते, एक जण नेहमी शेजारी हात धरून बसतो, आजवर कुणाला ओरखडाही आलेला नाही. त्यांचं डच सुरेख होतं. ताईंचं मोडकं. त्या मोडक्या डचमध्ये ताई मध्येच म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. आमची चूक आहे."

काकांचा चेहरा उतरला. त्या बाई गेल्यावर ते म्हणाले, "माधुरी, अगं, निदान मला बोलू तरी द्यायचंस."

"काका, तुम्ही बोलत नव्हतात. तुम्ही पांघरूण घालत होतात."

पत्र आलं. चुका कशा दुरुस्त करणार ते लिहा आणि ठरलेल्या मुदतीत 'दुरुस्ती पूर्ण' असं कळवा. तोवर अनुदानाचा पुढचा हप्ता थांबेल. ताई दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या. पण गॅरेजवाला म्हणाला, या कड्यांचे भाग मागवावे लागतील, मुदतीत होणार नाही. चालकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग त्याहूनही पुढचा. मुदत जवळ आली तेव्हा काकांनी त्यांच्या घरी कार्यकारिणीची बैठक बोलावली. काकूंनी सुरळीच्या वड्या केल्या होत्या. काकांनी खेमेंटेला पाठवायचं उत्तर वाचून दाखवलं. तिसऱ्या मुद्द्यासमोर लिहिलं होतं, 'पूर्ण'.

"कुठं पूर्ण?" ताईंनी विचारलं.

"होणारच आहे ना! महिन्याभराचा तर प्रश्न. तारीख ठरलीय, पैसे भरलेत."

"मग तसं लिहा. मुदत मागून घ्या."

"मुदत मागितली की हप्ता लांबतो. हप्ता लांबला की हॉलचं भाडं थकतं. हॉल गेला तर ही म्हातारी माणसं कुठं जाणार, सांग ना. तू चार पट्टे धरून बसलीस आणि केंद्रच बुडालं तर?" काकांचा आवाज चढला नव्हता. ते खरोखर घाबरले होते. "आणि आपल्या लोकांचं नाव आहे गं इथं. घरातली गोष्ट घरात राहू दे."

ताईंनी हातातली बशी खाली ठेवली. "काका, पट्टे लावले नाहीत ती आपली चूक. ती मी कुणापुढेही कबूल करीन. पण उद्या हे पाठवलं की ती चूक राहणार नाही. मग ते आपण ठरवून केलेलं असेल. मी त्यात नाही."

 बाकीच्यांपैकी कुणीतरी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी काकांना आणि मला केंद्राच्या मागच्या मोकळ्या आवारात बोलावलं. व्हॅनमध्ये एक व्हीलचेअर आमच्या नेहमीच्या पद्धतीनं, पुढच्या दोन पट्ट्यांनी बांधलेली. तिच्यात माणसाच्या जागी स्वयंपाकघरातली तांदळाची दोन पोती.

"रेवा, चालव. फार वेगानं नको, गल्लीत चालवतेस तशीच. मी हात केला की ब्रेक मार."

मी चालवली. त्यांनी हात केला, मी ब्रेक मारला. मागे धाडकन आवाज झाला. खुर्ची पुढे घसरून कलंडली होती, एक पोतं माझ्या सीटच्या पाठीवर आदळून फुटलं होतं. माझ्या केसांत, मानेवर, पायाखाली सगळीकडे तांदूळ. मी कितीतरी वेळ स्टिअरिंग सोडलं नाही. शनिवारी त्याच जागी मी केंद्रात येणाऱ्या सुखदेई आजींना बसवत असे.

काका दारातून आत बघत होते. हलक्या आवाजात म्हणाले, "तांदूळ आहेत ते. माणूस धरून बसतो."

"कशाला धरून?" ताई म्हणाल्या.

 खेमेंटेला उत्तर मात्र त्याच दुपारी गेलं. 'पूर्ण' म्हणूनच गेलं. ताईंना ते कळलं तेव्हा त्यांनी व्हॅनच्या किल्ल्या पर्समध्ये घातल्या आणि सांगितलं, की कड्या बसेपर्यंत ही व्हॅन व्हीलचेअर घेऊन हलणार नाही. कार्यकारिणीनं किल्ल्या मागितल्या. ताई म्हणाल्या, "पोलिसांना बोलवा. मी त्यांनाही हेच सांगीन."

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं तीच माणसं आधी चिडली. सुखदेई आजींचा फोन आला. त्या सुरिनामच्या, त्यांची हिंदुस्तानी बोली आपल्या हिंदीपेक्षा वेगळी, तरी राग कळायला भाषा लागत नाही. "हम का कैदी हई?" आम्ही काय कैदी आहोत का, म्हणून त्यांनी फोन आपटला. हेंक नावाचे निवृत्त पोस्टमन होते, ते म्हणाले, "बाई, माझं वय बघ. मला वाचवून तू काय करणार आहेस?"

"तुम्हाला पत्त्यांत हरवणार आहे," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. व्हॅन नाही ना, मग चालत आणू. ताई, त्यांचे यजमान, मी, आमच्या इमारतीतली दोन मुलं, हेंकची शेजारीण. प्रत्येकाच्या हातात एक व्हीलचेअर. सायकलमार्गाच्या कडेनं आमची ती रांग निघाली. समोरून वारा असा, की ढकलणाऱ्याला पुढे रेटून वाकावं लागे. मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. ताई वळून ओरडायच्या, "जा की वळसा घालून!" तेही मराठीत. आणि ते वळसा घालून जायचे. बाजारचौकात सुखदेई आजींनी गाडीवरचे तळलेले मासे मागितले. व्हॅनमध्ये असताना तो चौक त्यांना कधी थांबून बघताच आला नव्हता. मासे खाताना त्या ताईंशी बोलल्या नाहीत, पण एक तुकडा काटा काढून त्यांच्यासमोर धरला. ताई शाकाहारी. त्यांनी तो हातात घेतला आणि हळूच मला दिला.

त्याच आठवड्यात ताईंनी खेमेंटेला पत्र लिहिलं. दुरुस्ती पूर्ण झाली असं कळवलं गेलं आहे, ती झालेली नाही, अमुक काम बाकी आहे, अमुक तारखेला होईल, तोवर व्हॅन बंद आहे. पाठवण्याआधी ते त्यांनी काकांच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवलं. मी सोबत होते. काकांनी चष्मा काढला. "माझ्या पाठीमागे पाठवलं असतंस तर मला रागवता तरी आलं असतं," ते म्हणाले.

"म्हणूनच समोर वाचलं. रागवा ना."

ते रागावले नाहीत. त्यांच्याऐवजी गावातली बाकीची मराठी मंडळी रागावली. हप्ता थांबला, चौकशी झाली, काकांना खेमेंटेत जाऊन उत्तरं द्यावी लागली. हॉलचं भाडं काकांनी पुन्हा खिशातून भरलं. दिवाळीच्या कार्यक्रमात ताईंच्या टेबलावर त्यांचं कुटुंब आणि मी, इतकेच. एक बाई ताट घेऊन जाता जाता म्हणाल्या, "एवढं करून मिळालं काय? काही झालं होतं का कुणाला?"

"नाही झालं," ताई म्हणाल्या. "लाडू घ्या ना, बसा."

बाई बसल्या नाहीत. ताईंनी लाडू मजेत खाल्ला. वर म्हणाल्या, "बेसन जरा कच्चं आहे."  घरी जाताना गाडीत मुलीनं डचमध्ये काहीतरी विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी नुसता तिचा हात धरला.

कड्या दिवाळीच्या आधीच बसल्या होत्या. प्रशिक्षणही झालं होतं. सत्तरीचे दीक्षितकाका स्वतः वर्गाला आले, व्हॅनच्या जमिनीवर गुडघे टेकून चारही पट्टे लावायला शिकले. प्रशिक्षकानं त्यांना तीनदा परत करायला लावलं, त्यांनी केलं. खेमेंटेनं अनुदान पुन्हा सुरू केलं, पण कमी करून. काटकसरीची नवी योजना बनवायला सांगितली. कार्यकारिणीनं बनवली, आणि तिच्यात समन्वयकाचा पगार नव्हता. ताईंचा करार वर्षाअखेर संपत होता. तो वाढवला नाही. पैसे खरोखरच कमी होते. पण हॉलचा छोटाच भाग भाड्यानं घेऊन तो पगार काढता आला असता, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

निरोपाच्या दिवशी फुलं होती, केक होता. काकांनी भाषण केलं. शब्द सापडत नव्हते त्यांना. शेवटी म्हणाले, "माधुरीताईंनी आता परस्पर संमतीनं थांबायचं ठरवलं आहे..."

ताई उठल्या. हातात ट्युलिपचा भला मोठा गुच्छ. "काका, माफ करा. संमती माझी नव्हती. मला इथं राहायचं होतं. तुम्ही मला ठेवलं नाहीत." मग तेच त्यांनी मोडक्या डचमध्ये म्हातारी मंडळींना सांगितलं आणि खाली बसून केक कापला. पहिला तुकडा काकांना दिला. हेंक मोठ्यानं कार्यकारिणीला काहीतरी बोलले, ते छापण्यासारखं नाही.

लगेच दुसरीकडे काम मिळालं त्यांना, युट्रेख्टच्या एका शुश्रूषागृहात. महिन्याभरात घर बदललं. सामान बांधायला मी गेले होते, तेव्हा काकांचा फोन आला. ताईंचे दोन्ही हात भांड्यांत, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"माधुरी, वर्षाचा अहवाल पाठवतोय खेमेंटेला. तुझ्याबद्दलची ओळ बदलली. ऐक. 'समन्वयकांची राहण्याची इच्छा असूनही मंडळानं त्यांचा करार वाढवला नाही.' चालेल?"

ताई हातातल्या कढईला वर्तमानपत्र गुंडाळत होत्या. त्या थांबल्या. "चालेल, काका."

"वाचायला फार कठोर वाटतं गं. 'असूनही'ला डचमध्ये जरा सौम्य शब्द आहे का?"

"आहे," ताई म्हणाल्या. "तो नको."

 पलीकडे काका हसले, बऱ्याच महिन्यांनी. "बरं बाई. मग आहे त्याचं स्पेलिंग सांग."

काकांचं डच ताईंपेक्षा कितीतरी चांगलं, तरी ताईंनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.