वहिनीच्या तोंडचे शब्द

माझ्या वहिनीला कादंबरी लिहिता येणार नाही, हे सगळ्यात आधी कुणी जाहीर केलं असेल तर माझ्या सख्ख्या भावाने. तेही जेवताना, तोंडात घास असताना. "महिन्याभरात कादंबरी? तू?" असं म्हणून तो हसत सुटला आणि शेवटी त्याला ठसका लागला. पाण्याचा पेला वहिनीनेच पुढे केला. माझ्या हातात असता तर मी तो हळूच बाजूला सरकवला असता.

ही टूम आमच्या भागातल्या वाचनालयाने काढली होती. महिन्याभरात ठरलेल्या शब्दांची कादंबरी लिहायची. जो पुरी करेल त्याची कादंबरी बांधून वाचनालयाच्या कपाटात ठेवणार, इतर पुस्तकांच्या शेजारी, नंबर वगैरे घालून. शिवाय समारोपाला त्यातलं एक पान लेखकाने सगळ्यांसमोर वाचायचं. वहिनी पुस्तक बदलायला गेली होती, तिने तो कागद वाचला आणि तिथल्या तिथे नाव देऊन आली. लग्न झाल्यापासून या बाईने कुणालाही न विचारता केलेली ही पहिली गोष्ट असावी.

दादा हेडमास्तर होता. निवृत्त झाला म्हणतात, पण मला तसं कधी जाणवलं नाही. रस्त्याने चालताना तो दुकानांच्या पाट्या तपासतो. कुणी घरी येऊन आजारपणाची हकीकत सांगायला लागलं, तर हा मध्येच थांबवून त्याचं वाक्य नीट करून देतो. मी नवऱ्याचं घर सोडून बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा दादाने मला आत बसवून "मुद्देसूद सांग" म्हटलं होतं. वहिनीने काहीच विचारलं नाही, आतल्या खोलीत माझी गादी घातली. तेव्हापासून मी तिची आहे, आणि हे मी भावाच्या तोंडावर सांगते.

वहिनी कोर्टात टायपिस्ट आहे. न्यायाधीशांच्या उंच टेबलाच्या खाली, एका बाजूला तिची खुर्ची. तिथून तिला साक्षीदार दिसतो तो खांद्यापासून वर, आणि साहेब तर दिसतच नाहीत, फक्त ऐकू येतात. लोकांना वाटतं साक्षीदार बोलतो तेच कागदावर उतरतं. छे! साक्षीदार बोलतो, साहेब ऐकतात, मग साहेब त्यांच्या भाषेत सांगतात, आणि साहेब सांगतील ते वहिनी टाईप करते. एक म्हातारी म्हणाली होती, "तो मनाने वाईट नव्हता हो, पण त्याच्या हाताला कुलूप नव्हतं." साहेबांनी सांगितलं, "आरोपीस मारहाणीची सवय होती." झालं. म्हातारीचं कुलूप गेलं हवेत. साहेब काही वाईट नाहीत, त्यांना दिवसभरात ढीगभर साक्षी उरकायच्या असतात, हे वहिनी मला दर वेळी समजावते. मला ते पटत नाही. मी दवाखान्यात ड्रेसिंग करते. पेशंट "टोचतंय" म्हणाला आणि मी "दुखतंय" लिहिलं, तर डॉक्टर मलाच टोचतील.

संध्याकाळी भाजी निवडताना वहिनी मला ही हवेत गेलेली वाक्यं सांगायची. कुणाचं नाव नाही, गाव नाही, खटल्याचं एक अक्षर नाही. फक्त बोलणं. तिला तिची कादंबरी त्यातच दिसत होती. एक बाई साक्ष द्यायला कोर्टात येते. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसते आणि पुढची तारीख घेऊन परत जाते. पुन्हा येते, पुन्हा बसते. बाकावर शेजारी कोण कोण येऊन बसतं, ते काय काय बोलतात, आणि शेवटी एकदाचा तिच्या नावाचा पुकारा होतो. एवढीच गोष्ट. मला ऐकूनच भरून आलं.

पण पहिल्या दिवशी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. ही बाई कोर्टात अशी टाईप करते की नवे वकील मान वळवून बघतात, आणि इथे हात कीबोर्डवर ठेवून मख्खासारखी बसलेली. "अगं, डोक्यात सगळं आहे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण कानावर पडल्याशिवाय बोटं हलतच नाहीत." इतकी वर्षं दुसऱ्याने सांगायचं आणि हिने उमटवायचं. बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

इथे आमचे हेडमास्तर खुर्ची ओढून पुढे आले. "सोपं आहे. तू मला सांग, मी मोठ्याने म्हणतो, तू टाईप कर." हसून झालं होतं, आता हातात छडी मिळत होती. पण युक्ती लागू पडली, हे मान्य करायला हवं. वहिनी हळू आवाजात सांगायची, दादा खणखणीत आवाजात म्हणायचा आणि कीबोर्ड तडतडायला लागायचा. रविवारी वाचनालयात प्रत्येकाचे झालेले शब्द मोजले, तेव्हा तिचा आकडा सगळ्यांच्या पुढे निघाला. ग्रंथपालबाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. दादाने उठून नमस्कार केला, जणू कादंबरी त्यालाच सुचली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी त्याच खोलीत कपडे इस्त्री करत होते. वहिनी म्हणाली, "ती म्हणते, मी कुठे बसू ते कुणी सांगेना, म्हणून मी आपली उभीच राहिले, उभं राहायला कोण पैसे मागतंय." दादा म्हणाला, "ती स्त्री असहायपणे उभी होती." तड तड तड. वहिनीने टाईप केलं! चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पुढचं वाक्य तिने सांगितलं, त्याचंही दादाने असंच भरीत केलं, आणि तेही तिने टाईप केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इस्त्री उभी केली आणि म्हटलं, "वहिनी, आत्ता काय टाईप केलंस ते वाच बघू."

तिने वाचलं. मग मागचं पान वाचलं. मग त्याच्या मागचं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला. "हे मी लिहिलंय?" ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं नाही गं." आणि खरंच आलं नव्हतं. पुरुषाचा खणखणीत आवाज आला की तो सांगेल ते उमटवायचं, आपण काय ऐकलं होतं ते विसरायचं, हीच तर तिची नोकरी होती. घरातही तिने तीच केली होती, आणि तीही स्वतःच्या कादंबरीवर.

"मी शुद्ध करतोय," दादा म्हणाला. "कादंबरी आहे ती, बाजारातल्या गप्पा नव्हेत."

"तुला कुणी सांगितलं होतं शुद्ध करायला?"

"उद्या लोक वाचतील ते. तिचं हसं होऊ नये म्हणून करतोय."

"हसलास तर तूच होतास, दादा. ठसका लागेपर्यंत."

वहिनी मध्ये पडली नाही. तिने सगळी पानं पुसून टाकली. महिना निम्म्याहून जास्त सरला होता आणि हातात एक ओळ नव्हती. दादा फुगून बसला तो बसलाच.

मार्ग निघाला तो मोबाईलवर. वहिनीने स्वतःच बोलायचं, रेकॉर्ड करायचं, आणि मग कानात इअरफोन घालून स्वतःचंच ऐकत टाईप करायचं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा ती ओशाळली. "ईऽ, अशी बोलते मी?" पण बोटं हलली. बाईच्या आवाजाला हलली, तिच्या स्वतःच्या आवाजाला! मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, उगाच कशाला लपवू.

घरात रेकॉर्ड करायची मात्र सोय नव्हती, कारण हेडमास्तरांनी टीव्हीचा आवाज वाढवून ठेवला होता. बातम्या कळायला हव्यात म्हणे. मग वहिनी कोर्टातच मधल्या सुट्टीत रेकॉर्ड करायला लागली. कोर्ट रिकामं झालं की ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहायची आणि बोलायची. एकदा शिपायाने दारातून बघितलं. "बाई, शपथ देऊ का?" म्हणाला, आणि मग रोज दाराबाहेर स्टूल टाकून बसायला लागला, कुणी आत जाऊ नये म्हणून. त्या माणसाचं हिच्याशी नातं ना गोतं, पण त्याला जे कळलं ते आमच्या घरात कळलं नाही. टाईप झालं की वहिनी रेकॉर्डिंग पुसून टाकायची, कारण तिच्या जुन्या फोनमध्ये जागाच उरत नसे.

आणि कादंबरी पुरी झाली. मुदतीत. बाईच्या नावाचा पुकारा झाला, बाई आत गेली, बाई बोलली. मी ते शेवटचं पान वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका पेशंटच्या हाताला पट्टी बांधताना मला तेच आठवत होतं.

फाईल वाचनालयात पोचवायची होती आणि त्या आठवड्यात वहिनीला कोर्टातून निघायला रोज उशीर होत होता. दादा म्हणाला, "मी देतो नेऊन." फार गोड आवाजात म्हणाला. रुसवा सोडलाय वाटलं. वहिनीने विश्वास ठेवला. बायको आहे, ठेवणारच.

समारोपाला वाचनालयाचा हॉल भरला होता. वहिनीचं नाव घेतलं, ती उठली. ग्रंथपालबाईंनी तिच्या हातात बांधलेली प्रत दिली. कव्हरवर नाव बघून वहिनीने त्यावरून एकदा बोट फिरवलं. मग शेवटचं पान उघडलं आणि वाचायला लागली.

"अखेर न्यायदेवतेचे द्वार तिच्यासाठी उघडले. तिच्या नेत्रांतून कृतज्ञतेचे अश्रू..."

ती थांबली. लोकांना वाटलं घाबरली. पहिल्या रांगेतून दादा हळूच म्हणाला, "वाच ना पुढे. छान चाललंय." मी त्याच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. फाईल नेऊन देण्याआधी एका बोटाने टाईप करत या माणसाने पानोपानी कादंबरी धुऊन, नीळ घालून, वाळत टाकली होती.

वहिनीने प्रत मिटली. "मी असं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. "माझी बाई इथे रडत नाही. तिला नाव विचारतात, ती नाव सांगते. मग ती साहेबांना म्हणते, 'मी इतके दिवस बाहेर बसले होते, ते कुठे लिहून घेतलंय का? नसलं तर आधी ते लिहा. बाकीचं मग सांगते.'"

मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. दादा खाली बघत होता.

ग्रंथपालबाई घाईघाईने पुढे आल्या. "अहो, पण मुदत संपली आता. प्रत तर हीच आहे. राहू द्या ना कपाटात, वाचणाऱ्याला कुठे फरक कळतोय?" आणि हे पुस्तकं सांभाळणारी बाई म्हणते! मी तोंड उघडणार होते, पण वहिनीने माझ्या दंडावर हात ठेवला. "मग ठेवू नका," ती म्हणाली. "यावर माझं नाव आहे, पण ही माझी नाही." आणि प्रत काखेत मारून ती चालायला लागली. पुरी न करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव गेलं. मला आजही त्याचा संताप येतो.

वाटेत मी दादाला विचारलं, "तिची जुनी फाईल कुठेय?"

"त्याच फाईलमध्ये दुरुस्त केलं ना," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "मला वाटलं तिला आवडेल."

मी भर रस्त्यात त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझा भाऊ आहे शेवटी. वहिनी आमच्या दोघांच्याही पुढे चालत होती.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही. कॉम्प्युटर लावला, आपली नेहमीची खुर्ची ओढली आणि दादाला म्हणाली, "बसा इथे."

"मी? मला कुठे टाईप करता येतं?"

"एका बोटाने येतं. मी सांगते, तुम्ही लिहा. पहिल्या पानापासून."

"अगं, पण हे किती दिवस..."

"लागतील तितके लागतील."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तो बसला. वहिनी त्याच्या मागे उभी राहिली, पदर खोचून, आणि सांगायला लागली. "बाई बाकावर बसली, तेव्हा बाक आधीच तापलेलं होतं. कोण उठून गेलं असेल, असं तिला वाटलं."

टक... टक... टक. अक्षर शोधत दादाचं बोट कीबोर्डवर भटकत होतं. मग ते थबकलं. "'तापलेलं' नको," तो म्हणाला. "'उबदार' जास्त..."

वहिनीने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मग दादाने मान खाली घातली, 'त' शोधला, आणि ती जे म्हणाली होती तेच लिहिलं.