आधी खोड, मग गाडी

पुण्यात मला नवी नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. मुलाखत झाली, पगार ठरला आणि उठता उठता नव्या साहेबांनी विचारलं, "आधीच्या ठिकाणी तुमच्याबद्दल कोणाकडे चौकशी करू?" मी बापूंचा नंबर दिला. बापू काय बोलणार हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तसंच बोलले. "पोरगी तापट हाय. सकाळचा च्या झाल्याबिगर तिच्यासंगं बोलू नगा. चूक दावली की दुपारपतुर फुगून बसती. आनि लिहिताना लई मोठं मोठं लिहिती, त्यातलं निम्मं काढून टाकायचं." साहेबांनी हे सगळं मला रुजू झाल्याच्या दिवशी सांगितलं, तेही चहा झाल्यावर. मी म्हटलं, "मग मला घेतलंत कसं?" तर म्हणाले, "मी त्यांना विचारलं की चांगलं काय आहे? तर म्हणाले, ते तुमाला कळंलच की."

बापू म्हणजे आमचे मालक. नगरच्या एमआयडीसीत त्यांची एक शेड आहे आणि त्या शेडमध्ये ते विजेवर चालणारी मोटारसायकल बनवतात. साठीकडे झुकलेले, पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, खांद्यावर टॉवेल. त्यांना पाहून हा माणूस गाडी बनवतो असं कोणी म्हणणार नाही. फार तर डेअरीचा चेअरमन म्हणेल. मी नगरच्याच सावेडीतल्या मास्तरांची मुलगी, मार्केटिंगचा डिप्लोमा केलेली. बापूंच्या शेडमध्ये चार वर्षं मी 'मार्केटिंग' या नावाखाली पत्रकं लिहिण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं सांभाळलं.

खोड आधी सांगायची ही बापूंची रीत काष्टीच्या बैलबाजारातली. त्यांचं गाव तेच. वडील बैलांचा व्यापार करायचे आणि बापू लहानपणापासून बाजारात त्यांच्या मागे दावं धरून उभे असत. त्या बाजारात नाव राखून असलेला माणूस दावं दुसऱ्याच्या हातात देण्याआधी बैलाची खोड सांगतो. हा डावीकडून मारतो, हा पाण्यात पाय घालत नाही, हा उन्हाचा बसकण मारतो. सगळेच सांगत नाहीत, पण बापूंचे वडील सांगायचे. "जनावर बोलत न्हाई, म्हनून इकनाऱ्यानं बोलायचं," हे बापूंचं पेटंट वाक्य. मी एकदा म्हटलं, "बापू, आपण गाडी विकतोय." त्यावर ते म्हणाले, "मग गाडी तरी कुठं बोलती?"

ही रीत त्यांनी बाजारापुरती ठेवली असती तर घरच्यांचं आयुष्य जरा सुखाचं झालं असतं. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कांदेपोहे झाले आणि मुलाच्या वडिलांनी सहज म्हणून विचारलं, "मुलगी कशी आहे स्वभावानं?" बापू म्हणाले, "राग नाकावर. भाकरी जाड थापती. आनि सकाळी दोनदा हाका मारल्याबिगर उठत न्हाई." आतल्या खोलीत भांडं पडल्याचा आवाज झाला म्हणे. सोयरीक जमली, संसार उत्तम चालू आहे, पण मुलगी हळदीपर्यंत बापाशी बोलली नव्हती. हे मला काकूंनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, हसून हसून डोळे पुसत सांगितलं होतं.

गाडीचं वेड त्यांना उशिरा लागलं. आधी शेडमध्ये दूधवाल्यांच्या मोटारसायकलींना मागे किटल्या अडकवायचे लोखंडी कॅरिअर बनत. धंदा बरा चालत होता. पण दोन भरल्या किटल्यांच्या वजनाने चांगल्या चांगल्या गाड्यांचं मागचा सांगाडा वाकायचा आणि दूधवाला येऊन बापूंच्या कॅरिअरला शिव्या द्यायचा. "कॅरिअर माझं बेस हाय, गाडीच किटल्यांसाठी जल्मली न्हाई," असं ते ऐकवायचे. ऐकवता ऐकवता एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं की मग अशी गाडी आपणच का करू नये? दोन वर्षं खपून त्यांनी ती केली. मागून बुटकी, रुंद, किटल्या ठेवायला दोन्ही बाजूंना जागा, पेट्रोलचा खर्च नाही. मी तिच्यासाठी चार झोकदार इंग्रजी नावं सुचवली होती. बापूंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि सीटपुढच्या पत्र्यावर 'हौशा' असं रंगवून घेतलं. हौशा हा त्यांच्या वडिलांचा लाडका बैल.

आता गाडी बनवणं एक आणि ती खपवणं दुसरं. आसपासच्या गावांत बापूंच्या ओळखीवर काही गाड्या गेल्या, पण पुढे पाऊल पडेना. आपल्या तालुक्यात गाडी विकणारा आणि बिघडली तर दुरुस्त करणारा कोणी नसेल तर गिऱ्हाईक कशाला हात लावील? डीलर हवे होते. त्यातच नगरला दुचाकींच्या धंद्याचं मोठं प्रदर्शन भरायचं ठरलं आणि आम्ही त्यात एक कोपऱ्यातली जागा घेतली.

प्रदर्शनाआधी दत्तूमामांनी अट घातली. दत्तूमामा म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ आणि बापूंचे निम्म्याचे भागीदार. अख्खी शेड त्यांना मामाच म्हणते. ते काष्टीलाच राहतात आणि तिथून रोज नगरला ये-जा करतात. बोलायला मोजके, पण बोलले की बोलले. "दाजी, ह्या प्रदर्शनात पाच डीलर बांधा. पाच झालं तर हौशा ऱ्हाईल. न्हाई झालं तर गाडीची लाईन उचलायची आनि गुमान कॅरिअर करायचं." बापू म्हणाले, "व्हय." एवढंच. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे काकूंनी मला फोन करून सांगितलं.

मी रात्रंदिवस एक करून माहितीपत्रक लिहिलं होतं. दणकट, भरवशाची, शेतकऱ्याच्या कष्टाला साथ देणारी वगैरे. बापूंनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "ह्यात खोडी कुठं हायेत?"

"बापू, माहितीपत्रकात दोष छापत नाहीत."

"मग माहिती कसली ती?"

शेवटी तडजोड झाली. पत्रकात मी लिहिलेलं राहील आणि खोडी बापू तोंडाने सांगतील. मला वाटलं, गर्दीत विसरतील. माझी अक्कल तेवढीच.

प्रदर्शन सुरू झालं. शेजारच्या दालनांत गाणी, फिरत्या चौथऱ्यावर चकचकीत गाड्या. आमच्याकडे एक हौशा, त्याला अडकवलेल्या दोन किटल्या आणि टॉवेल घेतलेले बापू. पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते चार शोरूम असलेले एक मालक होते. गाडीभोवती फिरले, बसून पाहिलं, मान डोलावली. मी कार्ड पुढे करणार तोच बापू सुरू झाले. "साहेब, आधी खोडी ऐकून घ्या. चढाला वजन असलं की दमती. सीट कडक हाय. थंडीत चार्जिंग लौकर उतरतं. आनि हॉर्न लई बारीक वाजतो, म्हैस हलत न्हाई."

ते गृहस्थ हसले आणि म्हणाले, "मग भावात किती सोडता?"

बापूंचा चेहरा पडला. ते गृहस्थ गेल्यावर मी चिडून विचारलं की सोन्यासारखा माणूस का घालवला? तेव्हा त्यांनी मला बाजारातलं एक गुपित सांगितलं. "खोड ऐकून जो भाव पाडतो त्यो नुसता व्यापारी. खोड ऐकून जो औषध सांगतो त्यो धनी. हौशा धन्याच्या दावणीला द्यायचा." पहिल्या दिवशी असे किती व्यापारी आले आणि गेले हे सांगून मी स्वतःला पुन्हा त्रास करून घेत नाही. मामा एका खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "दाजी, ह्यो बैलबाजार न्हाई."

"मानसं तीच हायती की," बापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भलतंच झालं. कोपऱ्यात एक म्हातारा स्वतःच्याच गाडीची निंदा करतोय ही बातमी सगळ्या मैदानात पसरली होती. लोक गंमत म्हणून यायला लागले. चहावाले आले, दुसऱ्या कंपन्यांचे सेल्समन आले, कॉलेजची पोरं मोबाईल वर धरून उभी राहिली. बापू खुलले. हॉर्न वाजवून दाखवायचे आणि विचारायचे, "सांगा, हलंल का म्हैस?" मला हसावं की रडावं कळेना. दुपारी बापू जेवायला गेले तेव्हा मामांनी संधी साधली. एका गॅरेजवाल्याला धरून, "एक नंबर गाडी, नाव ठेवायला जागा न्हाई," असं सुरू केलं. तो भला माणूस शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "ते खरं, पर खोडी सांगणारे बापू कधी येनार?" मामा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

पण त्याच गर्दीत धनीही होते. राहात्याला टायर-ट्यूबचं दुकान चालवणाऱ्या शैलाताई पुढे आल्या आणि खोडी नीट ऐकून म्हणाल्या, "चढाचं सोडा बापू, आमच्याकडं चढच न्हाई. सगळा सपाट मुलूख. सीटवर मी घोंगडीचं कव्हर शिवून घेते. हॉर्न दुसरा बसवू, त्यात काय?" बापूंनी त्यांना हात जोडले. मग तिसगावचा एक मेकॅनिक चवड्यावर बसून गाडीखाली डोकावला. "आमच्याकडं समदे डोंगर. मागची चकरी मोठी बसवा. पळंल कमी, पर चढंल." बापू त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि दोघे बराच वेळ चेन आणि चकऱ्यांबद्दल बोलत राहिले. शेवटच्या दिवशी नेवाशाचा आणि जामखेडचा असे आणखी दोन मिळाले. दोघेही काही ना काही औषध घेऊन आलेले.

चार झाले. पाचवा काही येईना.

शेवटच्या संध्याकाळी मैदानातले कापडी मंडप उतरायला लागले. शेजारचं गाणं बंद झालं. मी उगाच रस्त्याकडे बघत होते. बापूंनी मात्र बघणं सोडलं होतं. ते फडकं घेऊन हौशा पुसत होते. मामांकडे न बघताच म्हणाले, "शबुद म्हंजी शबुद, दत्तू. उद्या लाईन उचलू." आवाज साधाच होता. मला तो ऐकवला नाही.

मामांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "काष्टीला कोन डीलर हाय?"

"काष्टीला कोन घेतंय? तितं मला समदी वळखत्यात."

"मला द्या."

बापूंचा हात थांबला. दुसरा कोणी असता तर त्याने मेहुण्याला मिठी मारली असती. बापूंनी खुर्ची ओढली, मामांसमोर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "मग आधी खोडी ऐक. चढाला वजन असलं की..."

"गाडीच्या पाठ झाल्यात मला. मालकाच्या सांगा."

मी हसले. बापू हसले नाहीत. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नसावा. फडक्याची घडी करत ते म्हणाले, "मालक हट्टी हाय. कुनाचं आयकत न्हाई. समदी शेड गाडीपायी लावली तवा घरात इचारलं न्हाई, तुला बी इचारलं न्हाई." ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण ते पुढे बोलले, आणि इतक्या हळू की मला खुर्ची जवळ घ्यावी लागली. "आनि मालक भित्रा हाय. खोडी सांगतो ना, त्यातली निम्मी भीतीच असती, दत्तू. उद्या कुनी दारात येऊन म्हनू नये, बापूनं फसवलं."

औषध सांगायची पाळी आता मामांची होती, आणि बापू वाट बघत होते. त्या माणसाने नियमातून स्वतःलाही सोडलं नव्हतं.

"ह्याच्यावर औषध न्हाई, दाजी," मामा म्हणाले. "मी हाय की."

बापूंनी फडकं पुन्हा उघडलं आणि पुसलेली सीट परत पुसायला घेतली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मामांनी मात्र लगेच उठून किटल्या उचलल्या आणि टेम्पोवाल्यावर ओरडायला सुरुवात केली.

हौशा अजून त्याच शेडमध्ये बनतो. नवीन हॉर्न बसलाय, म्हैस थोडी हलते म्हणतात. काष्टीचं दुकान मामा स्वतः चालवतात आणि नगरला जायचं असलं की मी मुद्दाम तिकडून वळसा घेते. गिऱ्हाईक आलं की मामा त्याला बसवून आधी गाडीच्या खोडी सांगतात आणि मग दाजींच्या. दुसरं प्रकरण जरा लांबतं. तोवर चहा येतो.