मास्तरांचा ट्रक

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर दिवसभर शिकाऊंना "हळू, हळू" म्हणून घसा कोरडा करायचे आणि घरी आले की नायट्रो इंधनावर चालणाऱ्या आपल्या रिमोटच्या छोट्या ट्रकचा वेग वाढवायला बसायचे. जुनं इंजिन काढून मोठं बसवलं, टायर रुंद झाले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅल्युमिनियमचे आले. टेबलावर कार्ब्युरेटर पसरलेला असायचा, म्हणून बायको ताट मांडीवर घेऊन जेवायची.

अखेर एका रविवारी दोघं मैदानावर गेली. इंजिनानं डरकाळी फोडली, धूर सोडला आणि ट्रक मुंगीच्या पावलांनी निघाला. मास्तरांचं बोट रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर दाबायलाच तयार नव्हतं.

"अहो, याच्यापुढे मी चालत जाईन," बायको म्हणाली.

"इंजिन नवं आहे. सवय होऊ दे."

"इंजिनाला की तुम्हाला?" असं म्हणत तिनं रिमोट हिसकावला आणि ट्रिगर पुरता दाबला. ट्रक सुसाट सुटला, मातीच्या ढिगावरून उडाला. मास्तरांनी डोळे मिटून उजवा पाय जमिनीवर दाणकन दाबला. पण शिकवणीच्या गाडीत त्यांच्या बाजूला असतो तो ब्रेक इथे कुठला?

डोळे उघडले, तर ट्रक चारही चाकांवर धावत होता आणि बायको खिदळत होती.

"बघितलंस?" मास्तर घाम पुसत म्हणाले. "सगळी सेटिंगची करामत आहे."