अंजनगावच्या मळ्यातलं इंग्रजी

मे महिन्यात वऱ्हाडात कोणी शहाणा माणूस जात नाही, असं आमच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी मला सांगून पाहिलं. पण शिक्षकांची शिबिरं सुट्टीतच होतात आणि मला 'नाही' म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. अमरावतीत तीन दिवस, अकोल्यात दोन दिवस. विषय, प्राथमिक शिक्षकांसाठी रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी. माझ्याकडे धडा होता हवामानाचा: आज कालच्यापेक्षा गरम आहे, इथं तिथल्यापेक्षा थंड आहे, अशा तुलना करायला शिकवायच्या. ढग, पाऊस आणि बर्फ यांची चित्रं असलेला तक्ता गुंडाळून मी पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसले.

अमरावतीत सकाळी नऊलाच डोळे दिपायला लागले. बारानंतर रस्ते जे ओस पडले ते पडलेच. दुकानांची शटर अर्धी खाली, कुत्री गटारात. अधूनमधून एखादी गाडी जायची, तिच्यावरच्या माणसाचं तोंड दुपट्ट्यानं डोळ्यांपर्यंत गुंडाळलेलं. बाई की बुवा कळायचं नाही. एवढ्या मोठ्या शहरात दिवसाढवळ्या एक चेहरा दिसू नये, याची मला पहिल्या दिवशी थोडी धास्तीच वाटली.

वर्गात मी तक्ता लावला आणि इंग्रजीत विचारलं, आज हवा कशी आहे? चाळीस जणांनी एकमतानं उत्तर दिलं, "हॉट." कालच्यापेक्षा? "हॉट." उद्या? मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, इथी (इथे) तुलना नाही चालत, भल्लं (खूप) ऊन म्हणा अन् मोकळ्या व्हा." सगळे हसले, मीही हसले. बोलणारे होते अंजनगाव सुर्जीचे गावंडे सर. मधल्या सुट्टीत त्यांनी मला दह्यातला गिला वडा खाऊ घातला आणि खाता खाता सहज म्हणाले, "मॅडम, तुमचा हा धडा आमच्या गावातलं भूत म्हणते."

मी वडा खाली ठेवला. गंमत नव्हती. गावाबाहेर एक पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. मालक नामदेवराव. त्यांची एकुलती लेक लग्न करून परदेशात गेली आणि मागच्या हिवाळ्यात तिकडेच वारली. तेव्हापासून भर दुपारी बाराच्या ठोक्याला मळ्यातून दोन आवाज येतात. एक म्हाताऱ्याचा, एक बारीक, बाईचा म्हणा नाहीतर लेकराचा. दोन्ही इंग्रजीत. "लोक म्हणतात लेक येते बापाले भेटाले. मी सोता ऐकलं. तेच तुमचं, टुडे इज हॉटर दॅन यस्टरडे."

"तुम्ही आत जाऊन पाहिलं नाही?"

"काहून (कशाला) जाऊ? मले लेकरंबाळं आहेत."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी त्यांना ठणकावून सांगितलं. आणि शिबिर संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याची सरळ गाडी सोडून अंजनगावच्या एसटीत बसले. याला आमच्याकडे नसती उठाठेव म्हणतात.

दर्यापूरमार्गे जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन, नांगरून ठेवलेली, भेगाळलेली. झाडं जवळजवळ नाहीतच. खिडकीतून येणारा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर यायचा, म्हणून सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि त्या उकाड्यात चाळीस माणसं मुकाट बसली होती. अंजनगावला उतरले तेव्हा साडेअकरा झाले होते. एका टपरीवर पन्हं प्यायले. ऑटोवाल्याला मळ्याचं नाव सांगितलं तर त्यानं घड्याळ पाहिलं. नेलं त्यानं, पण ओढ्यापाशी ऑटो थांबवला. म्हणाला, "इथूनशी पायी जा बाई. मी झाडाखाली थांबतो. या टायमाले मी तिकडं येत नसतो."

समोर उजाड रानात एक हिरवा चौकोन उभा होता. गवताच्या ताट्यांनी चारी बाजूंनी बंद केलेला, आत शेवरीची उंच झाडं आणि त्यांच्यावर चढलेले वेल. पाखरू नाही, पान हलत नाही. ताटीजवळ माणसाच्या जुन्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी एक लहानसा गुलाबी बूटजोड. लेकराचा. बुटांवर बोटभर धूळ साचली होती.

पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. चपला काढल्या, तर जमीन अशी पोळली की मी उडीच मारून आत गेले. आत पाऊल टाकलं आणि पायाखाली गार चिखल. एका पावलाच्या अंतरावर दुसरं जग. हिरवा अंधार, ओल्या मातीचा आणि पानांचा तिखटसर वास, आणि इतकी शांतता की माझा श्वास मला ऐकू येत होता. मग आवाज आला.

"इज इट हॉटर दॅन यस्टरडे?" म्हातारा, जड आवाज, एकेक शब्द तोलून.

मग बारीक, किनरा आवाज: "येस. इट इज हॉटर."

"इज इट कोल्डर दॅन लास्ट वीक?"

"नो. इट इज नॉट कोल्डर."

खरं सांगते, मानेवरचे केस उभे राहिले. शिकवलेलं सगळं विसरून मी रामरक्षा म्हणायला लागले. पाय मागे फिरायला तयार, पण चिखलात रुतलेले. वेलींच्या दोन रांगांमधून पलीकडे पाहिलं, तर पाण्याच्या पाटाशी एक म्हातारा उकिडवा बसलेला. धोतर, बंडी, हातात खुरपं. दुसरं कोणी नाही. त्याचे ओठ हलले, जड आवाज आला. मग त्यानं गळा आवळून ओठ हलवले आणि तो बारीक आवाज आला. दोन्ही आवाज त्याचेच होते.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. भुतापेक्षा हे जास्त भयंकर वाटलं.

त्यांनी मला पाहिलं, पण दचकले नाहीत. मी कोण, कुठली, काय शिकवते ते सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मंग बरोबर बोलून राहिलो का मी, ते सांगा बरं. कोनाले विचाराची सोय नाई."

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "पण कोणाशी बोलताय?"

त्यांनी खुरप्यानं पुढच्या रांगांकडे दाखवलं. खाली, वेलींच्या बुडाशी, ओल्या मातीत लहान पावलांचे ठसे होते. "नात हाये. तारा नाव. सात वर्षांची पोट्टी (मुलगी). अथी (इथे) बसते दिवसभर. तिले ऊन सोसत नाई, थंड देशात वाढली."

मग त्यांनी सांगितलं, तेही कुजबुजत. आई गेल्यापासून तारानं तोंडातून शब्द काढला नव्हता. जावई कामावर जाणार, पोरीला कोण पाहणार, म्हणून जानेवारीत इथं आणून सोडली. ती मळ्याबाहेर पडतच नव्हती, त्यामुळे गावात कोणाला पत्ता नव्हता. चार महिने झाले, मुकी ती मुकीच. म्हाताऱ्यानं जावयाला फोनवर विचारलं, तिची आई तिच्याशी काय बोलायची? जावई म्हणाला, रोज सकाळी खिडकीशी उभं राहून हवा कशी आहे ते विचारायची. कालच्यापेक्षा गार की ऊबदार? हा त्यांचा रोजचा खेळ. नामदेवरावांनी जावयाकडून ती वाक्यं एकेक करून पाठ केली. पोरगी उत्तर देत नाही म्हटल्यावर, तिला उत्तर आठवावं म्हणून, तिच्या वाटचंही स्वतःच बोलायला लागले.

"परवा जावई येऊन राहिला. म्हणते, बोलली तर राहू देतो, शाळेत घाला. नाई बोलली तर तिकडच्या डॉक्टरच्या ठिकाणी ठेवतो. अशा लेकरांचं घर राह्यते म्हणे तथी (तिकडे). दोनच दिवस हायेत मायाजवळ (माझ्याजवळ)." त्यांनी खुरपं मातीत रुतवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा आवाज बाईचा हाये. इंग्रजीही चांगलं. एक डाव (एकदा) तुमी विचारून पाहा ना."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मास्तरकीची खाज वाईट. मी पदर खोचला, वेलींच्या रांगेशी गेले आणि माझ्या उत्तमातल्या उत्तम, गोड इंग्रजीत विचारलं, तारा, बाळा, आज कालच्यापेक्षा जास्त गरम आहे का गं?

आत काहीतरी धडपडलं. शेवरीची तीन-चार झाडं एकामागून एक हलत गेली, लांब, कोपऱ्यापर्यंत. मग कण्हल्यासारखा एक आवाज, आणि पुन्हा शांतता. त्या पोरीला क्षणभर काय वाटलं असेल, ते माझ्या लक्षात आलं. मेलेल्या आईचा आवाज मी उसना घेतला होता. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला क्वचित वाटली असेल. "चुकलं हो माझं," एवढंच बोलले.

नामदेवराव रागावले नाहीत. त्यांनी पाटाचं पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, मला भाकर आणि ठेचा देऊ केला. एक वेल सुटून लोंबत होती, ती त्यांनी बांधायला घेतली आणि गाठ मारता मारता ते वेलीशी बोलायला लागले, आपल्या नेहमीच्या बोलीत. "काय वं माय, तू काहून खाली पडली? थकली का? बस, बस. आज पाणी उशिरा देल्लं मी तुले." बराच वेळ त्यांचं हे चाललं होतं. मग न राहवून, दमलेल्या आवाजात, एकदाच, त्यांनी इंग्रजी वाक्य म्हटलं. "इज इट कोल्डर दॅन यस्टरडे?"

आणि गप्प बसले. बारीक आवाज त्यांनी या वेळी काढला नाही. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. ओठ मिटलेले होते.

आवाज आमच्या मागून आला. अगदी जवळून, वेलींच्या आतून. कधी सरकत आली होती कोण जाणे. खरखरीत, गंजलेला, आणि इंग्रजीत नव्हे.

"मम्मी गेली त्या दिवशी तथी भल्ली थंडी होती, आबाजी. इथी तसं नाई."

माझ्या अंगावर आलेला काटा अजून, हे लिहितानाही, गेलेला नाही. चार महिने म्हातारा तिची भाषा घोकत होता आणि ती वेलींमागे बसून त्याची भाषा ऐकत होती.

नामदेवरावांनी वळून पाहिलं नाही. हात गाठीवर तसाच. फक्त म्हणाले, "हो माय. थंडी होती." पाट फुटून पाणी आमच्या पायांवरून वाहत होतं, त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी आल्या पावली हळूच बाहेर पडले. तिथं माझं काही काम नव्हतं.

ऑटोवाला वाटेत आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. अकोटला एसटी बदलली, संध्याकाळी अकोल्यात पोचले. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्गात तक्ता लावला. हवेवर बोलायला लागलं की माझा एक ठरलेला विनोद असतो: ज्याला काही बोलायचं नसतं, तो हवेबद्दल बोलतो. तो विनोद तोंडाशी आला आणि तिथंच अडकला. मी शिक्षकांना वाक्यं दिली, ती त्यांनी एका सुरात म्हटली, आणि त्या सुराच्या शेवटी मला प्रत्येक वेळी एक बारीक आवाज उरल्याचा भास होत राहिला. मी वर्ग लवकर सोडला.

अकोल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघत होते, तेव्हा गावंडे सरांचा फोन आला. जावई आले होते. बूट काढून मळ्यात गेले, तासाभरानं डोळे पुसत बाहेर आले. पोरगी दिवसातून दोन-चार वाक्यंच बोलते, तीही मळ्यातच, तीही वऱ्हाडीत. पण जावई एकटेच परत जाणार आहेत. "अन् मॅडम," सर म्हणाले, "तो ऑटोवाला सांगत फिरून राहिला, भूत आता मराठी शिकलं म्हणून."

सकाळी घरी पोचले. मिस्टरांनी दार उघडलं, हातातली बॅग घेतली आणि आल्यागेल्या माणसाला आपण जे विचारतो तेच विचारलं, "काय गं, ऊन फार होतं का तिकडे? इथल्यापेक्षा?" साधा प्रश्न. तीस वर्षं शिकवलेला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि हुंदकाच बाहेर आला.