पुंजारामच्या पाच पावत्या

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुंजाराम राहुरीच्या स्टँडामागं जीपच्या टपावर चढून भोंगा आवळत होता. साल १९९५, विधानसभेची निवडणूक. एरवी रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस प्रचारात भाड्यानं भोंगे द्यायचा.

धंद्याची एक रीत होती. प्रचार संपला की भोंगेवाल्यानं कोऱ्या पावतीवर सही करून उमेदवाराच्या कचेरीत द्यायची. रक्कम तिथं भरली जायची. खर्चाची मर्यादा ओलांडलेली दिसू नये म्हणून पंधरा दिवसांचं भाडं कागदावर दोन दिवसांचं व्हायचं. पुंजाराम ते चालवून घेई. लग्नं नि जयंत्यांची कामं त्याच माणसांकडून मिळायची.

यंदा खर्चावर नजर ठेवायला बाहेरच्या राज्यातला अधिकारी आला होता. त्याचा कक्ष तहसीलदाराच्या हाताखाली नव्हता, खिडकीही वेगळी होती. कक्षानं भोंगेवाल्यांना क्रमांक घातलेली पावतीपुस्तकं दिली आणि प्रत्येक पावतीची नक्कल मागितली. काल उमेदवाराच्या कचेरीचा गोरक्षनाथ आला नि सवयीनं पुंजारामनं नव्या पुस्तकातल्या पाच कोऱ्या पावत्या सह्या करून त्याच्या हातात ठेवल्या. रात्री झोप लागली नाही. त्यांवर खोटा आकडा पडला, तर खोट्यात सही त्याची, आणि भोंग्यांचा परवाना जाणार.

भोंगा तसाच ठेवून तो साडेदहाला कक्षाच्या खिडकीशी गेला. तिथं कृषी विद्यापीठातून निवडणुकीपुरती आलेली वृषाली बसे. त्यानं सगळं सांगितलं. तिनं क्रमांक विचारले, अधिकाऱ्याची सही आणली, पाचही रद्द केल्या आणि तसं पत्र कचेरीला धाडलं. पुंजारामला तिनं एवढंच सांगितलं, "आधी आकडा, मग सही."

दुपारी गोरक्षनाथ जीपपाशी आला. "काय रं पुंजा, भोंगा तुझा अन् गळा त्या बाईचा व्हय?"

"तसंच समजा, दादा. वरून हुकूम हाय. आमी काय करनार?"

गोरक्षनाथ पुटपुटला, पण पावती समोर लिहून घेतली, बारा दिवसांची, पूर्ण.

वीस वर्षांच्या धंद्यात 'नाही' म्हणायला पुंजारामला पहिल्यांदाच कुणाचा तरी आडोसा मिळाला होता. अधिकाऱ्याचं नाव त्याला धड उच्चारता येत नसे. बायकोला, दगडाबाईला, मात्र तो सांगायचा की त्या माणसाचे उपकार हायेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रचार थांबणार होता. त्याआधी भोंगे उतरवायचे होते.