पावडर लावलेलं इंजिन

बॉनेट उघडलं की आमचे मेकॅनिक चाचा आधी इंजिनकडे पाहायचेच नाहीत. खाली वाकून गळलेल्या तेलाचा थेंब बोटावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे, हुंगायचे आणि म्हणायचे, "तेल वरून येते बेटी, नाव खालच्याचं होते." आमच्या घरी हे वाक्य पुढे जावा-जावांच्या भांडणातही चालू लागलं.

मंगरूळपीरला माझी रोपांची नर्सरी आहे. सासऱ्यांच्या वेळची टर्बो डिझेल जीप मीच चालवते. रोपं भरून कधी वाशीम, कधी कारंजा. गेल्या वर्षी ती तेल गाळू लागली, तेव्हा दर्ग्याच्या रस्त्यावरच्या चाचांच्या टिनाच्या गॅरेजात नेली. आमच्या घरची गाडी दुसऱ्या कोणी कधी उघडलीच नव्हती.

गळती शोधायची त्यांची रीत तुम्ही पाहायला हवी होती. डिझेल आणि ब्रश घेऊन ते सगळं इंजिन घासायचे, पाण्याने धुवायचे, वाळवायचे आणि मग त्यावर लहान मुलांची पावडर भुरभुरायचे. "आता एक चक्कर मारून ये." मी पुलापर्यंत जाऊन यायची. परत बॉनेट उघडलं की पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटलेली असायची. रेघ जिथून सुरू होईल, तिथे दुखणं. जीपला मात्र दोन दिवस न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास यायचा.

पहिली रेघ इंजिनच्या वरच्या झाकणाखालून निघाली. चाचांनी गॅस्केट बदललं. आठ-दहा दिवस बरे गेले आणि तेल पुढून गळू लागलं. तिथलं सील बदललं, तर मागून. मागचं केलं, तर टर्बोच्या नळीपाशी ओलं. पुन्हा धुणं, पुन्हा पावडर. शेवटी तर रेघ कुठून निघते तेच कळेना, सगळीकडूनच निघायची. मला गाडीतलं काही कळत नाही, पण दुखणं असं घर बदलत फिरतं का, हे मी त्यांना विचारलं.

"मले बी समजून नाई राह्यलं," चाचा म्हणाले. असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं आणि मला भीती वाटली.

भीतीचं कारण होतं. त्यांचा मुलगा पुण्याला. तो फोनवर सारखं म्हणायचा, "अब्बा, आता बंद करा." आणि चाचांचं उत्तर ठरलेलं, "ज्या दिवशी माह्या हातून चूक होईन, त्या दिवशी येतो." हे अख्ख्या रस्त्याला पाठ होतं, कारण चाचा फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचे. चाची गेल्यापासून त्यांचं जे काही होतं ते त्या टिनाखाली होतं.

एका सकाळी ते इंजिनच्या मागे हात घालून चाचपडत होते. हात थांबला. मग त्यांनी ओढून काहीतरी बाहेर काढलं. तेलाने चिंब झालेला, निळ्या चौकड्यांच्या लुंगीचा बोळा. त्याच लुंगीचं उरलेलं फडकं त्यांच्या खांद्यावर होतं.

इंजिनच्या आतली हवा बाहेर जायला एक नळी असते. पाणी जाऊ नये म्हणून पहिल्या धुण्याला त्यांनीच तिचं तोंड बंद केलं होतं आणि बोळा काढायचा राहिला. नंतरच्या धुण्यांत त्या नळीची त्यांना आठवणच झाली नव्हती.

"हवेले रस्ता नाई भेटला," ते हळू म्हणाले, "मंग भेटन तिथून तेलाले ढकलून राह्यली."

मी घाईने म्हटलं, "चाचा, मीच कोंबला असन. आमच्याकडे उंदरं लय झाले, आत शिरू नये म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "बेटी, तुले तं बॉनेट बी उघडता नाई येत."

आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी हत्यारं पुसायला घेतली आणि ती पुसतच राहिले. मला फार वाईट वाटलं. एक चिंधी ती काय, असं मला अजूनही वाटतं. पण हात त्यांचे होते, हिशेबही त्यांचाच. पुढच्याच आठवड्यात मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला.

बोळा निघाला त्या दिवसापासून जीप एक थेंब गाळत नाही. याचा आनंद मानावा की काय, मला ठरवता येत नाही. बाजाराला निघताना मी खाली वाकून पाहते, जमीन कोरडी असते, आणि जराशी निराशच होते. वेडेपणाच म्हणायचा.

परवा चाचांचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग विचारलं, "तेल?"

"गळते ना चाचा," मी म्हटलं. "लय गळते. एकदा येऊन पाह्यजा."

मग त्यांनी विचारलं, "कुठून?"

मी फोन कानाला धरूनच जीपखाली वाकले, जमीन कोरडी होती.